कोरडं ठेवायचं चाक

मामाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकतात. मी तिथून जाते तेव्हा आत बघत नाही, पण कान आपोआप टवकारतात. कव्हरं टिकटिकत नाहीत.

दुकान म्हणजे औषधवाल्याच्या जिन्याखालचा कोनाडा. मामा आत बसला की दुकान भरलं. उभं राहिलं तर डोकं आपटायचं, म्हणून माणूस चाळीस वर्षं बसूनच राहिला, असं मामी म्हणायची. पहिल्या नोकरीसाठी मी त्यांच्याकडे दोन वर्षं राहिले, तेव्हा मामाने साठी ओलांडली होती. उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वण कायमचा उमटला होता. मामीच्या हनुवटीवरही एक वण होता, उभा, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचा विषय निघाला की मामा पाणी प्यायला उठायचा.

त्या वर्षी मामाचा हात थरथरू लागला. फार नाही, चहाची बशी वाजेल इतपत. पण घड्याळातल्या स्क्रूच्या दृष्टीने तो भूकंपच. तिळाएवढे स्क्रू चिमट्यातून उडायचे आणि मामा गुडघे टेकून लादीवर चुंबक फिरवत बसायचा. मामीने सांगून टाकलं होतं, आता पुरे, लोकांनी उठवण्याआधी आपण उठलेलं बरं. मामा हो म्हणायचा आणि सकाळी नऊला डबा घेऊन निघायचा.

अशात एका शनिवारी एक बाई रुमालात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आल्या. त्यांचे यजमान धावपटूंना शिकवायचे. घरच्या दोन मुलींनाही त्यांनीच पळायला शिकवलं. दोघी एकदम सुटायच्या, थोरली पोचली की ते एक काटा थांबवायचे आणि धाकटीसाठी दुसरा चालू ठेवायचे. आता ते नव्हते, आणि एकदा थांबलेला काटा सुटत नव्हता. मोठ्या दुकानात म्हणाले, परदेशी पाठवावं लागेल, आठ महिने जातील. बाईंना ते घड्याळ एवढ्या लांब एकटं पाठवायचं नव्हतं.

मामाने रुमाल उलगडला आणि भिंग डोळ्याला लावलं.

असं घड्याळ त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, सतराव्या वर्षी. ज्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे तो काम शिकला, त्याने ते तळहातावर ठेवून तीनदा कळ दाबू दिली होती. तीनदाच. ते तीन वेळा दाबणं मामा मला जेवताना सांगायचा, पुन्हा पुन्हा. तबकडीवर सेकंदाचा एकच काटा दिसतो. खरं तर ते दोन असतात, एकाखाली एक, इतके नेमके की खालचा आहे हे कळूच नये. एक कळ दाबली की दोघं एकत्र पळू लागतात. दुसरी दाबली की खालचा जागच्या जागी थांबतो, वरचा पुढे जातो. पुन्हा दाबली की मागे राहिलेला पुढच्याला गाठतो आणि दोघं परत एक. "उडी दिसत नाही," मामा म्हणायचा. "उडी मारून झालेली दिसते." मग त्याचा घास तसाच हातात राहायचा.

लोकांना अशी घड्याळं का हवीशी वाटतात ते मला तेव्हा कळत नव्हतं. सोन्यासाठी, ऐटीसाठी असेल, असं वाटायचं. मामाला सोन्याशी देणंघेणं नव्हतं. वेळ एकाच घड्याळात थांबतेही आणि चालतेही, यावर तो सतरा वर्षांचा असताना भाळला होता आणि तसाच राहिला होता.

घरी येऊन त्याने मामीला सांगितलं, "हे एक करून बघतो. जमलं तर बसेन. नाही जमलं तर दुकानाची किल्ली तुझ्याकडे."

मामी म्हणाली, कबूल.

पंधरा दिवस तो त्या घड्याळात होता. ते त्याने सुटं केलं, प्रत्येक भागाचं चित्र माझ्या जुन्या वहीत काढलं, सगळं पेट्रोलमध्ये धुतलं. मधोमध जुनं तेल वाळून डिंक झालं होतं, काटा त्यात रुतला होता. श्वास रोखला की हात स्थिर राहतो हे त्याने शोधून काढलं, त्यामुळे तो दोन श्वासांच्या मध्ये काम करायचा. शेवटी सगळं बसवलं, सगळीकडे शिस्तीत तेल दिलं आणि कळ दाबली.

आता काटा थांबेचना. जरा अडखळायचा आणि वरच्याबरोबर घसरत पुढे जायचा. मामाने दोनदा खोललं, दोनदा जोडलं. त्याची खात्री झाली की आपल्याच थरथरत्या हाताने आतला बारीक चिमटा वाकवला.

भर दुपारी तो घरी आला, किल्ली फळीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मामी जिंकली होती, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तिने त्याचा डबा घासला, पुसला, स्टुलावर चढून माळ्यावर ठेवला. तो भांड्याचा आवाज मामाने ऐकला असणार. तीन दिवस मामा घराबाहेर पडला नाही. चौथा दिवस शुक्रवार होता, माझ्या सुट्टीचा, आणि शनिवारी बाई घड्याळ न्यायला येणार होत्या.

"त्यांना काय सांगणार?" मामीने जेवायला वाढता वाढता विचारलं.

मामा म्हणाला, खरं ते सांगेन. मग कधी नव्हे ते त्याने तिला समजावून सांगितलं. एक ताटली टेबलावर फिरवली आणि दोन बोटांनी दोन्ही बाजूंनी तिची कड धरली. हे चाक, हा चिमटा. चिमट्याने कड धरली की चाक थांबतं, त्याच्यावर बसवलेला काटा थांबतो. आता धरतो, पण धरून राहत नाही.

मामीने ताटलीकडे बघितलं. "म्हणजे ब्रेक."

"ब्रेकच म्हण."

"तेल घातलंत का त्याला?"

"सगळीकडेच घालतात. सुईच्या टोकावर मावेल एवढं."

"कडेलाही?"

मामा बोटं तशीच ताटलीला लावून बसला. मामीने आपल्या हनुवटीला हात लावला.

"अहो," ती म्हणाली, "माझ्या सायकलीचं केलंत तेच."

मग पहिल्यांदा मला त्या वणाची गोष्ट कळली. लग्नाला महिना झाला होता. मामी शिकवायला सायकलवरून जायची. सायकल कुरकुरते म्हणून नव्या नवऱ्याने आदल्या दिवशी प्रेमाने तिला तेल घातलं, साखळीला, आसाला, घंटीला आणि चाकांच्या कडांनाही, चमकतात म्हणून. सकाळी उतारावर मामीने ब्रेक दाबले. समोर टपाल कचेरीची भिंत होती. मामी सांगत होती, त्या भिंतीला तेवढं तेल लावायचं राहिलं होतं, नाहीतर मी आरपार गेले असते. मामा या वेळी पाणी प्यायला उठला नाही. तो हसत होता, आणि हसता हसता त्याने भिंगाचा वण असलेला डोळा मनगटाने पुसला.

"हात नव्हे," तो म्हणाला. "सवय."

"किल्ली फळीवरच आहे," मामी म्हणाली.

तो अर्धवट ताटावरून उठून गेला. पुन्हा खोलायचं, ते चाक आणि चिमटा धुऊन पुरते कोरडे करायचे, पुन्हा जोडायचं. दिवेलागणीला परतला तेव्हा घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस स्वतःच्या हातावर चालवून बघायचं, मगच द्यायचं, ही त्याची जुनी रीत होती. त्याने हात मामीपुढे धरला, दोन्ही काटे पळते केले आणि दुसरी कळ दाखवली.

मामीने दाबली. एक काटा थांबला. दुसरा पुढे गेला, पाव फेरी, अर्धी फेरी. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. तिने पुन्हा दाबायला इतका वेळ लावला की मामा म्हणाला, अगं, सोड आता त्याला.

"थांबा," ती म्हणाली. "आणखी थोडं राहू दे मागे."

मग दाबली. उडी दिसली नाही.

उद्या बाई आल्या की आणखी आठ दिवस मागून घेईन, असं तो झोपताना म्हणाला. त्या घड्याळ हातावर राहू देतील, असं त्याला वाटत होतं, आणि पुढे तसंच झालं. पण मला आठवते ती त्या शनिवारची सकाळ. आठ वाजता स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज आला. मी डोकावून बघितलं. मामी वर चढून, एका हाताने माळ्याची कड धरून, दुसऱ्या हाताने मागे सरकलेला डबा चाचपत होती.