कानसेनाचा निकाल

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाला पाठ लावून, आवाजाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं एका खोलीचं दुकान होतं. पाटीवर त्याचं खरं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? सगळे त्याला कानसेन म्हणत. तीस वर्षं त्यानं सभांना, सामन्यांना, समारंभांना भोंगे पुरवले होते आणि भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून कुठल्या वायरीत खरखर आहे ते बोट ठेवून दाखवलं होतं. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर तो बसल्या जागी स्पीकर आणि हेडफोन दुरुस्त करायचा. दुरुस्तीचे पैसे घ्यायचा, सल्ला फुकट द्यायचा.

सल्ल्याचीच ख्याती मोठी. कुणाला महागातला हेडफोन घ्यायची हुक्की आली की तो आधी कानसेनाची पायरी चढायचा. परीक्षा ठरलेली. एका जुन्या फोनात त्यानं स्वतः भरून ठेवलेला आवाज होता: स्वयंपाकघरातला नळ सोडलेला, आणि त्या पाण्याच्या आड काचेवर एकेक करून टाकलेल्या टाचण्या. किती टाचण्या, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. हेडफोन अस्सल असला तर टाचणी न टाचणी मोजून घ्यावी. भिकार असला तर नुसतं पाणी.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्याच्या कानाला अस्सल माल म्हणून लागला नव्हता. कुणी काहीही आणलं की हा डोळे मिटून ऐकायचा, काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "गाढवाला झूल घातलीय. पाचशेचा घे, हाच आवाज येतो." लोकांना ते फार आवडे. पन्नास हजारांची वस्तू टाकाऊ आहे हे कळल्यावर पाचशेची वापरणाऱ्याला जी झोप लागते, ती कुठल्या औषधानं लागत नाही. कानसेनाचा मान दिवसेंदिवस वाढतच चालला होता.

दुकानात सून त्याच्या जोडीला बसायची. मुलगा लांबच्या गोदामात नोकरीला, पंधरवड्यातून एकदा उगवायचा. सुनेनं तीन वर्षांत सोल्डर करणं असं शिकून घेतलं होतं की केसाएवढी तार ती बोलता बोलता जोडायची. बोलणं कमी, हात चालू.

सोमवारी सकाळी ड्रायव्हर आला. शहरातल्या बसवर अठ्ठावीस वर्षं काढलेला, कानसेनाचा शाळेपासूनचा दोस्त. काखेत काळी चकचकीत पेटी, तोंड मात्र उतरलेलं.

"काय रे, बाळंतविडा आणलास की काय?" कानसेन म्हणाला.

"चेष्टा नको. दोन पगार घातलेत यात. बायकोनं तीन दिवस पाण्याला विचारलं नाही."

"दोन पगार! डोक्यावर पडलास काय?"

ड्रायव्हर स्टुलावर बसला, पण टेकला नाही. "झालं असं," तो म्हणाला, "जुन्या हेडफोनात गाणी पाण्याखालून आल्यासारखी वाटायला लागली. दुकानदार म्हणाला, तुमचा हेडफोन म्हातारा झालाय, हा घ्या. घेतला. तर यातही तेच! गाणारी बाई दाराआड उभी राहून गातीय जशी काही. आता दोनच गोष्टी. एक तर माल खोटा, नाहीतर..." त्यानं आपल्या कानाला हात लावला. "बायको म्हणते, डॉक्टरकडे चल. गुरुवारची वेळ घेऊन बसलीय."

"आणि कामावर?"

"माणसं बोलतात ते कळतं. पण शब्दांच्या कडा झिजल्यासारख्या. परवा मागून कुणीतरी ओरडत होतं थांबवा थांबवा, दोन थांबे पुढं गेल्यावर कळलं." तो जरा पुढं झुकला. "डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं, तर मला गाडीवरून उतरवतील. डेपोत बसवतील टायर मोजायला. लेका, अठ्ठावीस वर्षं मी पुढची काच बघितलीय. मला भिंत बघत बसता येणार नाही."

कानसेनानं हेडफोन कानाला लावला. गाद्या लोण्यासारख्या मऊ. त्यानं नळ सुरू केला. पाणी आलं, दणदणीत. मग पहिली टाचणी आली, मलूल, चिंधीत गुंडाळून टाकल्यासारखी. दुसरी. तिसरी आली की नाही, कोण जाणे. मग नुसतंच पाणी.

त्यानं हेडफोन काढला आणि पेटीत आपटला. "लुटलं तुला. नकली माल आहे. वरचे सूरच नाहीत यात."

"म्हणजे माझे कान?"

"तुझ्या कानांना काय धाड भरलीय? मला जे ऐकू आलं नाही ते तुला कुठून येणार?"

ड्रायव्हर असा हसला की चपलांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. तिथंच उभ्या उभ्या त्यानं बायकोला फोन लावला. "अगं, कान ठणठणीत आहेत! माल खोटा निघाला! ती गुरुवारची वेळ रद्द कर. कोण म्हणजे? कानसेन म्हणाला, आणखी कोण पाहिजे?"

"उघडून पुरावा काढून ठेवतो," कानसेन म्हणाला. "मग दोघं जाऊ, त्या दुकानदाराची शेंडी धरू."

ड्रायव्हर शीळ घालत गेला. सून स्टुलावरून उठली, त्याच्या मागं दारापर्यंत गेली, आणि परत येऊन बसली.

मंगळवारी दुपारी सून माल पोचवायला गेली तेव्हा कानसेनानं डाव्या कानाची गादी काढली. आत कंपनीचं सील होतं, फाडलं तर माल परत घेतला जाणार नाही असं लिहिलेलं. त्यानं ते नखानं फाडलं. नकली मालाचं सील ते काय! पण आत बघितलं आणि त्याचा हात थांबला. जोड असे की मोत्याचे दाणे ओवावेत. पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, कुठं सुरकुती नाही. तारा मापून कापलेल्या. भिंग लावून त्यानं तास-दीड तास खोट शोधली. असलं काम त्यानं आयुष्यात दोनदा-तीनदा बघितलं असेल. परत जोडून कानाला लावला. तेच दणदणीत पाणी, त्याच मलूल टाचण्या. चिडून त्यानं उजवी बाजूही उघडली. तीही तशीच, सुबक, निर्दोष. सगळं ठीकठाक, आणि आवाज मात्र मेलेला. असं होतं कसं?

सून आली तेव्हा तो घामानं निथळत होता.

"लावून बघ," त्यानं तिच्याकडे हेडफोन सरकवला. "यात काय बिघडलंय ते मला सापडेना."

सुनेनं लावला. डोळे मिटले नाहीत, त्याच्याकडेच बघत राहिली. टेबलावर तिचं बोट हळूच टेकत होतं. एकदा, पुन्हा, पुन्हा. कानसेन बोटाकडे बघत मनात मोजत होता. बोट नऊ वेळा टेकलं.

"नऊ," ती म्हणाली. "पाचवी काचेवर पडून घरंगळली. शेवटची नळाखाली पडली बहुतेक."

हे कानसेनाशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायचं? ऐकू येतंय, बाबा. इतकं स्वच्छ मी कधीच ऐकलं नव्हतं." तिनं हेडफोन काढून दोन्ही हातांनी खाली ठेवला. "खोट यात नाही."

आपला कान गेलाय हे तिला आधीपासूनच ठाऊक होतं. ते त्यानं तिच्या तोंडावर वाचलं. "किती दिवस झाले?"

"वर्ष उलटून गेलं. त्या शाळेचा माईक तुम्ही ठीक म्हणून दिलात, आणि तो शिट्टीसारखा किंचाळत होता. तेव्हापासून तुम्ही दिलेला प्रत्येक नग मी जाताना एकदा ऐकून बघते. लागलं तर परत जोडते."

"आणि मला सांगितलं नाहीस? वर्षभर माझ्या मागनं माझं उष्टं काढत बसलीस?"

"कसं सांगणार होते? लोकांचं नाक कापलं जातं, तुमचे तर कान कापल्यासारखं झालं असतं."

एरवी या बोलण्यावर तो पोट धरून हसला असता. आता त्यानं पेचकस भिंतीवर फेकून मारला. सुनेनं तो उचलला, पुसला, जागेवर ठेवला.

मग तिनं आवाजाचं यंत्र पुढं ओढलं, ज्यावर ते स्पीकर तपासत. "मी सूर चढवत नेते. ऐकू येतंय तोवर बोट वर ठेवा."

"मला शिकवू नकोस," असं म्हणत त्यानं बोट वर केलं. सूर चढत गेला, बारीक झाला, सुईसारखा झाला, आणि नाहीसा झाला. त्यानं बोट खाली घेतलं. सून मात्र बटण फिरवतच होती. एक आकडा, दोन आकडे, तीन, चार. तिच्या कपाळाला आठी पडली, कारण तो सूर तिच्या कानाला टोचत होता. गल्लीतलं कुत्रंसुद्धा दारात येऊन मान वाकडी करून उभं राहिलं. कुत्र्याला ऐकू येत होतं. कानसेनाला नाही.

बुधवारी तो दुकानात गेलाच नाही. घरी भिंतीकडे तोंड करून पडला. तीन वर्षांत किती जणांना आपण गाढव आणि झूल सांगितली, त्यांचे चेहरे एकेक करून येत होते. कुणी चांगली वस्तू परत केली होती, कुणी दुकानदाराशी भांडून आला होता. त्याचं त्याला फार वाटलं नाही. पैसा काय, येतो जातो. एक चेहरा मात्र हलेना.

सून जेवायला वाढताना म्हणाली, "काका गाडी चालवतात, बाबा."

"पुढच्या महिन्यात त्याची डेपोत तपासणी असतेच. तिथं कळेल की."

"काकांनीच सांगितलं होतं ना, तपासणी म्हणजे काय ते? मागं उभं राहून कारकून विचारतो, नाव काय? आणि हे नाव सांगतात. दरवर्षी तोच प्रश्न. त्यानं नुसते ओठ हलवले तरी काका नाव सांगतील."

"मग तू सांग."

"मी सांगेन. पण त्यांनी डॉक्टर माझ्या शब्दावर रद्द केला नाही."

कानसेनानं ताट सरकवलं. गावभर गाजलेला कान, आणि आता स्वतःच्याच तोंडानं दवंडी पिटायची. उद्यापासून दुकानात कोण येईल? आंधळ्याकडे कुणी रंग निवडायला जातो का?

गुरुवारी दुपारी तो पेटी घेऊन डेपोजवळच्या थांब्यावर उभा राहिला. म्हटलं, शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ, गाडी रिकामी झाली की बोलू. ड्रायव्हरनं त्याला आरशात बघितलं, पेटी बघितली आणि खुशीत भुवया उडवल्या. त्याला वाटलं, पुरावा आला.

कानसेन त्याच्या मागच्याच बाकावर बसला. गाडीत सात-आठ माणसं. खिडक्या उघड्या, इंजिनाची घरघर पायांतून वर चढत होती. पुलाच्या उतारावर रस्ता अरुंद होता. कानसेनाची नजर सहज खिडकीबाहेर गेली. खाली, बसच्या अगदी अंगाला, सायकलवर एक बाई होती, मागं पालेभाजीची टोपली बांधलेली. तिचा अंगठा घंटीवर होता. खटाखट, खटाखट, ती घंटी दाबत होती. तोंड उघडं, डोळे वर बसकडे. आणि आवाज काहीच नाही. चित्रातल्यासारखा नुसता अंगठा हलत होता.

बस तिच्याकडेच सरकत होती. ड्रायव्हरचे हात चाकावर सैल, तो पुढची काच बघत होता.

कानसेनाला क्षणभर कळेचना की ती घंटी वाजतच नाहीय की काय. मग मागच्या बाकावरची एक म्हातारी कानावर हात ठेवून ओरडली, "अरे, बहिरा आहेस का! ती घंटा वाजवतीय ना केव्हाची!"

कानसेनानं पुढं झेप घेऊन ड्रायव्हरचा खांदा धरला. बस डावीकडं हिसकली आणि कचकन थांबली. सायकल कठड्याला घासून आडवी झाली, भाजी रस्ताभर पसरली. बाई उठली. कोपर सोललं होतं, बाकी धड होती. तिनं ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यातल्या किती त्या दोघांपर्यंत पोचल्या, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटचा थांबा आला. माणसं उतरली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, पण हात चाकावरच राहिले.

"ती नेमकी आरशाच्या आड होती," तो म्हणाला. "दिसली असती तर..."

"घंटी वाजवत होती."

"तू ऐकलीस?"

"नाही." कानसेनानं पेटी त्याच्या शेजारी ठेवली. "मलाही नाही आली. म्हणूनच आलोय. हेडफोन अस्सल आहे, सुनेनं त्यात नऊच्या नऊ टाचण्या मोजल्या. दोन पगारांना स्वस्त म्हणावा इतका चांगला. त्यातलं ऐकायला लागतो तसा कान आता ना माझ्याकडे आहे ना तुझ्याकडे."

ड्रायव्हरनं पेटीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "तू सोमवारी म्हणालास..."

"चुकलो."

"चुकलो? त्या एका शब्दावर मी तीन दिवस पाखरासारखं निर्धास्त होऊन गाडी चालवली!" त्याचा आवाज चिरकला. "परत तरी करता येईल ना हा?"

"नाही. सील मी फाडलं. खोट शोधायला."

ड्रायव्हर हसला, पण तसलं हसू कानसेनाला बघवलं नाही. बाहेर परतीची माणसं जमायला लागली होती. एकानं दारावर थाप मारली.

"एक महिना गप्प बस," ड्रायव्हर खाली बघत म्हणाला. "मी सांभाळून चालवतो. आरसा मोठा लावून घेतो. तुझंही कुणाला कळणार नाही. सुनेला सांग, तोंड मिटून ठेव."

कानसेनानं पेटी तिथंच राहू दिली. तो उतरला. दारातल्या माणसांना म्हणाला, "ही गाडी जाणार नाही." मग चौक ओलांडून गाड्या सोडणाऱ्या कंट्रोलरच्या खिडकीकडे चालायला लागला. पाठीमागून ड्रायव्हरनं त्याला हाक मारली असेल, नसेलही. त्यानं वळून बघितलं नाही.

काचेआड कंट्रोलर वहीत डोकं घालून होता. मान वर न करता तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, साहेब," कानसेन म्हणाला. "मला ऐकू कमी येतं."