तांदळाचा चोर आणि माझे डोहाळे

आमच्या घरात आजवर एकदाच चोरी झाली, आणि ती तांदळाची.

भंडारा जिल्ह्यात तांदूळ चोरणं म्हणजे तळ्याकाठी राहून पाणी चोरण्यासारखं आहे. ज्याच्या त्याच्या घरी तो भरलेला असतो, आणि मागितला तर लोक पिशवीसकट देतात. तरीही चोरी झाली, आणि तिचा तपास मी स्वतः हाती घेतला.

लाखांदूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे आणि तिथून जवळच्याच एका गावात आमचं घर. घरात आई, बाबा, मी आणि माझी बायको मयुरी. मयुरीला तेव्हा सहावा महिना लागला होता. दिवस खरं तर मोठ्या सुखाचे होते. दुकान लवकर बंद करून मी उजेडातच घरी पोचायचो. ओसरीवर बाबा जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला बाळाची नावं लिहीत बसलेले असायचे. त्यांनी काढलेलं प्रत्येक नाव आईच्या माहेरच्या कुठल्या ना कुठल्या बिघडलेल्या माणसाचं निघायचं, त्यामुळे महिनाभरात यादीत एकही नाव टिकलं नव्हतं. मयुरी भिंतीला टेकून, पायाखाली उशी घेऊन बसायची. पोटात बाळ हललं की ती नुसता हात वर करायची. मग आई हातातली भाजी टाकून, बाबा पेन टाकून आणि मी चहाचा कप टाकून (एकदा खरोखरच टाकून) तिच्या पोटाकडे बघत बसायचो. दिसायचं काहीच नाही. पण उठावंसं वाटत नसे.

आता अशा घरात बाप होऊ घातलेल्या माणसाला आपणही काही करावं असं वाटतंच. आईने दोन कामं सांगितली. कोठीतल्या वर्षभराच्या तांदळाला किडे लागू नयेत म्हणून लावायला बोरिक पावडर आणायची, आणि मयुरीसाठी डिंकाचे लाडू करायचे होते त्यात घालायला थोडी पिठीसाखर. लाडवात गूळ असतोच, पण शेवटी हातावर जराशी पिठीसाखर घेतल्याशिवाय आईचा लाडू वळत नाही. मी दोन्ही सुट्या पुड्या आणल्या. दुकानातली चिकट लेबलं होती, त्यांच्यावर सुवाच्य अक्षरात 'बोरिक' आणि 'पिठीसाखर' असं लिहून ती पुड्यांना चिकटवली, कारण मी व्यवस्थित माणूस आहे. नंतर तांदळालाही मीच पावडर लावली. पोतंभर तांदूळ ताडपत्रीवर पसरून, बाह्या वर करून, हलक्या हाताने चोळून. मयुरी दारात बसून बघत होती. नवरा कामाचा निघाला म्हणून तिला भरून आलं असावं, असं मला वाटलं. ती खरं म्हणजे तांदळाकडे बघत होती.

त्यानंतर आठवडाभरातच मला डोहाळे लागले.

थट्टा नाही. सकाळी उठलं की मळमळ, जेवलं की पोटात कळ, दिवसातून चारदा परसाकडे धाव. दुकानात गिऱ्हाईकाचा मोबाईल उघडून ठेवून मी मागच्या दाराने पळायचो. फोनवर शोधलं, तर बायकोवर फार जीव असलेल्या नवऱ्यांना तिच्यासारखाच त्रास होतो असं कुणीतरी लिहिलेलं सापडलं. ते वाचून मला इतका अभिमान वाटला की औषधसुद्धा घेतलं नाही. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. शेजारच्या शेवंताकाकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं. काकू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून आईला म्हणाल्या, "सून बरी दिसून राहिली वो. पोराले जप."

त्याच सुमाराला कोठीतला तांदूळ कमी व्हायला लागला.

आधी आईला उंदराचा संशय आला. पण लेंड्या नव्हत्या. कोठीभोवती मुंग्या मात्र फार झाल्या होत्या. तांदळाला मुंग्या कशा, असं आई दोनतीनदा म्हणाली. मी मुंग्यांच्या खडूची रेघ मारली आणि तो विषय संपवला. (त्या वेळी तिथेच जरा थांबून विचार केला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.) तांदूळ घटतच राहिला. मग आईने सकाळी दिवसाचा तांदूळ काढून घेतल्यावर मी कोठीतल्या तांदळाचा वरचा थर हाताने सपाट करून त्यावर बोटाने फुली काढली. संध्याकाळी घरी आलो तर फुली गायब. दुसऱ्या दिवशीही तसंच. म्हणजे चोर माणूस होता, आणि दुपारी येत होता.

संशयित दोन. एक बाबा, कारण त्यांना चिमण्यांना दाणे टाकायची सवय. पण ते म्हणाले की त्यांच्या चिमण्या कणी खातात, एवढा उंची बारीक तांदूळ चिमण्यांनी पाहिलासुद्धा नाही. दुसऱ्या शेवंताकाकू, कारण दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आईशिवाय फक्त त्यांचाच वावर. मयुरीला मी विचारलंच नाही. तिला अशा वेळी ताण देऊ नये, असं फोनवर लिहिलं होतं.

माझ्याजवळ जुने फोन ढिगाने पडलेले. त्यातला एक मी फडताळात बरण्यांच्या मागे असा लावला की कोठी नीट दिसावी, आणि संध्याकाळी घरी येऊन तो टीव्हीला जोडला. आई, बाबा, मयुरी, सगळ्यांना समोर बसवलं. शेवंताकाकूंनाही बोलावलं, म्हणजे चोर पळून जायला नको. काही बघण्यासारखं आहे एवढंच त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या येताना सोबत मुरमुरे घेऊन आल्या. मयुरी मात्र पडद्यावर आमचं स्वयंपाकघर दिसताच उठून आत जायला निघाली. मीच तिला हाताला धरून परत बसवलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला तेव्हा कळली नाही.

पहिला माणूस दिसला तो मी. सकाळी कॅमेरा लावून झाल्यावर, तो चालू आहे हे विसरून, मी फडताळातला लाडवांचा डबा काढला होता आणि उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले होते. पडद्यावर माझा चेहरा फार जवळून दिसत होता. बाबांनी आधी टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काकूंनी मुरमुऱ्यांचा वाडगा माझ्यापासून जरा दूर सरकवला.

मी घाईघाईने पुढचं लावलं. दुपार. स्वयंपाकघर रिकामं. मग मयुरी आली. तिने मागे वळून पाहिलं, कोठीचं झाकण उचललं, मूठभर तांदूळ घेतला आणि तोंडात टाकला. कच्चा. डोळे मिटून ती कितीतरी वेळ चावत राहिली. मग दुसरी मूठ. तिसरी. मग पदराच्या टोकात चार मुठी बांधल्या, तांदूळ सपाट केला आणि निघून गेली.

मयुरीने मान खाली घातली होती. मला हसू येणार तेवढ्यात आईच्या तोंडचा रंग उडालेला दिसला.

"प्रमोद," ती अगदी हळू म्हणाली, "त्या तांदळाले तू बोरिक लावलं हाये."

त्या क्षणी मला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. आम्ही जेवतो तो भात आई तीन पाण्यांनी धुऊन शिजवते. मयुरी तोच तांदूळ कोठीतून काढून तसाच खात होती. किती दिवस? तर पंधरा. रोज? रोज. हे दोन प्रश्न मी विचारले की बाबांनी, तेही आठवत नाही. मी उभा राहिलो, खाली बसलो, परत उभा राहिलो. माझ्या हाताने, बाह्या वर करून, मी ते लावलं होतं.

काकूंच्या घरी व्हॅन होती. काका जेवत होते, ते तसेच खरकट्या हाताने स्टेअरिंगवर बसले. मागे आई मयुरीला कुशीत घेऊन बसली. उरलेली 'बोरिक'ची पुडी डॉक्टरांना दाखवायला म्हणून तिने कमरेला खोचून घेतली होती. रस्ताभर बाबा दर मिनिटाला पुढून मागे वळून बाळ हलतंय का म्हणून विचारत होते. मयुरी हो म्हणत होती. मग आम्ही पुन्हा विचारत होतो.

आईने तिला एकदाच विचारलं, "बाई, सांगतलं काहून नाही?"

मयुरी रडत म्हणाली, "आई, तुमी इतकं करून घालता. वरून मी कच्चा तांदूळ खातो म्हटलं असतं, तं तुमाले वाटलं असतं का सुनेचं पोट भरत नाही."

आईने तिचं डोकं छातीशी धरलं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. काळोख पडत होता, धानाच्या शेतांची बांधीन्‌बांधी मागे जात होती आणि मला एवढंच वाटत होतं की हे निभावू दे, मी जन्मात कुठल्या वस्तूला हात लावणार नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई शांत होत्या. नर्सने मयुरीचा कागद भरायला घेतला. बाईंनी तिला तपासलं, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. ते ऐकून बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मळमळ? नाही. उलटी, जुलाब? नाही. अंगावर पुरळ? काहीच नाही. बाईंच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी विचारलं, तांदूळ चवीला कसा लागत होता.

मयुरी लाजून म्हणाली, "गोड. माहेरी बी खाल्ला होता लहानपणी, पण असा गोड नवता लागत."

बोरिक गोड नसते, बाई म्हणाल्या. आईने पुडी काढून टेबलावर ठेवली. माझं लेबल त्यावर ठळक दिसत होतं. बाईंनी ती उघडली, तर आतून एक मुंगी बाहेर आली. सगळे त्या मुंगीकडे बघत असताना बाबांनी बोट घातलं आणि कुणी अडवायच्या आत चाटलं.

"साखर हाये हे," ते म्हणाले.

मी इतका मोठ्याने हसलो की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. लेबलं उलटी लागली होती. बस, एवढंच! माझ्या हलगर्जीपणाने दोन जीव वाचले, असंही काहीतरी मी बोललो. काका टाळी द्यायला पुढे आले. मयुरी रडता रडता हसायला लागली. हसत नव्हती ती फक्त आई.

"मंग दुसऱ्या पुडीत का होतं?" तिने विचारलं.

आई स्टुलावर बसली. दुसरी पुडी तिने लाडवात घातली होती. सगळी नाही, मूठभर, पण घातली होती. तिला स्वतःला शुगर, म्हणून तिने चाखला नाही. बाबांच्या कवळीला डिंक चालत नाही. ते लाडू एकट्या मयुरीसाठी होते, रोज सकाळी दोन.

आता सगळ्यांचे डोळे पुन्हा मयुरीकडे वळले. ती घाबरून गेली. तळलेल्या डिंकाच्या वासानेच तिला ढवळून यायचं, ती म्हणाली. पहिल्या दिवसापासून एकही लाडू तिने तोंडाला लावला नव्हता. आईचं मन मोडू नये म्हणून ती आपली वाटी रोज गुपचूप मला देत होती.

"आणि हे खात होते?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वरून डब्यातले बी," बाबा म्हणाले. "आमी टीव्हीवर पाहिलं."

डॉक्टरबाईंनी मला किती दिवसांपासून मळमळतंय ते विचारलं. जुलाब किती वेळा, ते विचारलं. मी डोहाळ्यांचा सिद्धांत सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांनी ऐकून घेतला नाही. मयुरीला टेबलावरून उतरवलं आणि त्याच टेबलावर मला चढवलं.

माझ्या नशिबाने पावडर थोडी होती आणि बऱ्याच लाडवांत विभागली गेली होती. सलाईन लावलं, रक्त घेतलं आणि सकाळपर्यंत ठेवून घेतलं. मयुरीचंही रक्त तपासलं. अंगात रक्त कमी असलं की असं कच्चं खावंसं वाटतं, असं बाईंनी समजावलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. एकच खाट रिकामी होती, ती बाळंतिणींच्या खोलीत. पडदा लावून मला तिथे निजवलं. पडद्यापलीकडून एक म्हातारी मयुरीला विचारत होती, पहिलंच का म्हणून. सहा महिन्यांची गरोदर बायको उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर मात्र दोन महिन्यांत दिसली नव्हती एवढी टवटवी होती.

सकाळी आईने घरी जाऊन कोठी रिकामी केली. सगळा तांदूळ तीन पाण्यांनी धुतला, वाळवला आणि त्यातला वाटीभर भाजून स्वतःच्या हाताने मयुरीला दिला. हळूहळू खा, पण माझ्या समोर खा, म्हणाली. लाडू मातीत पुरले. वेळ भरल्यावर मुलगी झाली, ठणठणीत.

राहिला तो दवाखान्याचा कागद. नर्सने तो आधी मयुरीसाठी भरला होता. पेशंट बदलल्यावर घाईत तिने फक्त नाव आणि वय खोडून माझं लिहिलं, बाकीचं तसंच राहिलं. मी घरी आलो त्या संध्याकाळी बाबांनी चष्मा लावून तो ओसरीवर मोठ्याने वाचला, आणि शेवंताकाकू तिथेच होत्या. नाव प्रमोद. वय एकतीस. महिना सहावा. बाळाची हालचाल चांगली. जड उचलू नये. पुढच्या तपासणीला नवऱ्याला सोबत आणावे.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघंही गेलो. पण पेशंट कोण होतं आणि सोबत कोण गेलं होतं, हे आमच्या गावात अजूनही काकू सांगतात तसंच सांगितलं जातं.