वाघोबासाठी सरकवलेले दगड

विठूभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गावची गुरं राखायचे. माणूस भला, पण इतका देवभोळा की कधी कधी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

आमचं गाव रोह्याच्या पुढं, डोंगराकडेला. उन्हाळ्यात पाण्याला कोसभर चालायचं. म्हणून गुरचरणाच्या खोलगटात तलाव करायचं सरकारनं ठरवलं. पाणी जिथवर चढणार तिथं मोजणीदारानं दगड रोवले, अन् आतली जागा तलावासाठी राखून ठेवली. आम्ही बाया हरखून गेलो.

पण आत वाघोबाचं ठाणं होतं. दर वाघबारशीला गुराखी तिथं खीर शिजवून ठेवायचे, म्हणजे वर्षभर वाघ गुरांना शिवत नाय. ठाणं बुडणार म्हणून भावजींनी चार दगड उपटले अन् पन्नास पावलं खाली, ओढ्याकडं रोवले. मला म्हणाले, "वयनी, आता देव कोरडा राहील." मी हसले. जसं काय पाणी दगडांना विचारून थांबणार हाय!

तलाव कागदावरच राहिला. एक्क्याण्णव साली रेल्वेची मोजणी आली. साहेबानं गाव जमवून विचारलं, "तलावाच्या जागेतून रूळ न्यायचे तर परवानगी लागते, पाण्याची सोय बघावी लागते. हे दगड मूळचेच ना?"

तिथं रोज भावजीच असायचे, म्हणून सगळे त्यांच्याकडं वळले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सरकारी दगड उपटला म्हणजे तुरुंग, एवढंच आम्हांला ठाऊक. मी मान खाली घातली. अळी मिळी गुपचिळी.

"व्हय साहेब, मूळचेच," भावजी म्हणाले, अन् पंचनाम्यावर अंगठा दिला.

मग रूळ आखले ते दगडांच्या बाहेरून, म्हणजे बरोबर ठाण्यावरून. भावजी चार दिवस जेवले नायत. पाचव्या दिवशी रोह्याला कचेरीत जाऊन म्हणाले, "दगड मी हलवले." साहेबानं त्यांचाच अंगठा त्यांना दाखवला.

भराव पडला. वाघोबा त्याच्याखाली गेला. पाणी साठवलं तर भराव खचेल, म्हणून तलावही रद्द झाला. गाव भावजींना नाय नाय ते बोललं. मला त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा येतो. तोंड मलाही होतं की.

आता मी रूळ ओलांडून पाण्याला निघाले की भावजी गुरं सोडून येतात. "वयनी, हंडा द्या," एवढंच म्हणतात. आमच्याकडं बाप्ये पाणी भरत नायत. भावजी भरतात.