मंगळवार दुपारपर्यंत

त्यानं मला सांगितलं ते एका शनिवारी दुपारी, मालाडच्या त्याच्या घरी. सगळं होऊन गेलं होतं, चहाही पिऊन झाला होता. खिडकीकडे बघत तो म्हणाला, "हे तुला आधीच सांगायला हवं होतं. मी एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. नऊ वर्षं रोज गोळी घेतोय. तपासणीत आता व्हायरस सापडतही नाही. माझ्यापासून तुला काही होणार नाही."

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची, घटस्फोट होऊन सहा वर्षं झालेली, पार्ल्यात आईबरोबर राहणारी. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. जवळचं दिसेनासं झालं म्हणून नंबर काढून घ्यायला गेले होते, आणि चार महिन्यांत आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलो होतो. इतक्या जवळ मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच आलो. कंडोम होता, शेवटपर्यंत होता, फाटला नव्हता.

"आधी का नाही बोललास?"

"बोललो की माणसं निघून जातात ना."

मीसुद्धा निघून गेले. सँडलचा पट्टा लागेना, तसाच लोंबकळता ठेवून जिना उतरले.

रिक्षात बसल्या बसल्या मोबाइलवर शोधलं. संसर्ग टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. मग अठ्ठावीस दिवस रोज. मी बोटांवर मोजलं. मंगळवार दुपारपर्यंत.

खरं तर तडक सरकारी हॉस्पिटलात जाता आलं असतं. गेले नाही. रांगेत कोणी ओळखीचं भेटलं तर, या एका विचारानं पाय उचलेना.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी माझा कप वेगळा घासला आणि ओट्याच्या टोकाला, आईच्या कपापासून लांब उपडा ठेवला. ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. असं करताना मी आईला पाहिलं होतं. मामाच्या वेळी.

मामा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर ट्रक चालवायचा. मी दहा वर्षांची असताना तो इलाजासाठी आमच्याकडे आला. गॅलरीत त्याची खाट, गॅलरीतच त्याचं ताट-भांडं. "टीबी आहे, लांब राहा," एवढंच आईनं मला सांगितलं होतं. एका दुपारी आई बाहेर गेली होती आणि त्यानं हाक मारली, "गो, जरा पाणी दी माका." मी भांडं भरून नेलं, उंबऱ्याशी ठेवलं आणि पायानं पुढे सरकवलं. पायानं सरकवायला मला कोणी शिकवलं नव्हतं. मामानं भांड्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. खाटेवरून कसाबसा वाकला, भांडं उचललं आणि म्हणाला, "शाणी आसस." दीड महिन्यात तो गेला. त्याला खरं काय झालं होतं ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही कोणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं.

तो रविवारभर मामा घरात होता. गॅलरीचं दार मी लावून घेतलं, तर आई म्हणाली, "एवढ्या उकाड्यात दार कसलं लावतेस गं?"

सोमवारी मी अंधेरीच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि त्याला फोन केला. "तुझे रिपोर्ट पाठव." पाठवण्याऐवजी तो स्वतःच फाइल घेऊन दवाखान्याच्या खाली येऊन उभा राहिला. आम्ही बरोबर वर गेलो.

बाईंनी सगळं सरळ विचारलं. काय काय झालं, कंडोम केव्हा लावला, कुठे जखम होती का, रक्त आलं का. मग त्याच्या फाइलची पानं उलटली, अगदी मागच्या महिन्यापर्यंतची. "गोळी चुकते का?"

"नाही."

त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला गोळ्यांची गरज नाही. व्हायरस इतका दबलेला असला की संबंधातून दुसऱ्याला जात नाही. आणि तुमच्याकडे तर कंडोमही होता."

"तरी द्या ना," मी म्हणाले.

"घाबरलात म्हणून देऊ? अठ्ठावीस दिवस मळमळ सोसाल, आणि भीती आहे तिथेच राहील. आज एक टेस्ट करा. मग दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी, तुमच्या समाधानासाठी. उद्या दुपारपर्यंत मन बदललं तर फोन करा."

मंगळवारी ऑफिसात बसून मी घड्याळ बघत राहिले. दोन वाजले, तीन वाजले. मी फोन केला नाही. बाईंचं पटलं म्हणून, की हात उचलला नाही म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचे तीन महिने वाईट गेले. जरा कणकण वाटली की थर्मामीटर. तोंड आलं तर आरशापुढे मोबाइलचा उजेड धरून जीभ बघायची. डोकं सगळं समजत होतं, तरी पहाटे जाग आली की गॅलरीतून कोणी पाणी मागितल्यासारखं वाटायचं. मी उठून आईच्या उशाची पाण्याची बाटली भरलेली आहे ना, ते बघून यायचे.

तिन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या. शेवटचा रिपोर्ट हातात आल्यावर लॅबच्या पायरीवरूनच मी त्याला फोन केला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं रे. मला नव्हतं. आणि मला आधी माहीत असायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं."

त्यानंतर महिनाभरानं मी त्याच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं म्हणून स्टुलावर बसून राहिले. आता आम्ही भेटतो. तो जवळ आला की कधी कधी माझं अंग क्षणभर आखडतं. त्याला ते कळतं. मग तो आहे तिथेच थांबतो, आणि पुढे व्हायचं ते मलाच व्हावं लागतं.