झालं माझं

आमची आई आयुष्यात एकच खोटं बोलली, आणि ते रोज दोनदा बोलली. सगळ्यांची ताटं उठली की ती भांडी गोळा करायला लागायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "झालं माझं." आम्ही कुणी कधी खातरजमा केली नाही. वडील शाळामास्तर, आम्ही तिघं भावंडं, त्यात पाहुण्यांचा राबता. शेवटची भाकरी कुणाच्या पोटात गेली, हे बघायला सवड कुणाला होती?

वडील गेले, भावंडं पांगली, मी पुण्याला आले. आई मात्र सोलापूर सोडायला तयार नाही. "पुण्यात मला कोण ओळखतंय?" असं ती विचारायची. मग तिची साखर वाढली, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरांनी बजावलं की सुई घेतली की लगेच जेवायचं. जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येईल आणि या वयात ते जिवावर बेतेल. जी बाई जन्मभर सगळ्यांच्या शेवटी जेवली, तिला आता सगळ्यांच्या आधी जेवायचं होतं. मी फोनवरून घसा कोरडा करायची. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून घरातच राहणारी बाई ठेवली. सोलापूरजवळच्या कुंभारी गावची, आधी विड्या वळणारी. त्या आईच्या खाटेशेजारी चादर अंथरून निजायच्या, आईला कोपराला धरून मोरीपर्यंत न्यायच्या, ओली फरशी लगेच पुसायच्या. आईच्या पायांना कुठं जखम तर नाही ना, हे रोज बोटांच्या बेचक्यात बघायच्या. त्या आल्यापासून आई एकदाही पडली नाही. पण जेवणाचं गाडं अडलं ते अडलंच. आई म्हणायची, तू राबतेस आणि मी आधी गिळू? आणि या बाईंच्या घरची रीत अशी की मोठ्या माणसाचं झाल्याशिवाय सुनेनं ताटाला हात लावायचा नाही. सुई टोचलेली, भाकरी निवत चाललेली आणि दोघी एकमेकींना आग्रह करतायत. शेवटी बाईंनीच रीत मोडली. ताट घेऊन खाटेजवळ फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "मी घास घेतला. आता तुमी घ्या."

तेव्हापासून आईचं जेवण असं घासाला घास चालायचं. मला वाटतं, औषधापेक्षा तिला तेच जास्त लागू पडलं.

बाईंच्या लेकीचं डोहाळजेवण होतं तेव्हा एक दिवसासाठी मी पुण्याहून आले. आईनं बाईंच्या हाती लेकीसाठी खण-नारळ दिला. मी सुई टोचली, भाकऱ्या थापायला बसले. थापता थापता अर्ध्या मोडल्या, धड अशा दोनच निघाल्या. त्या दोन्ही आईला वाढल्या आणि तेवढ्यात कामावरून फोन आला म्हणून गॅलरीत गेले. परत आले तर ताट घासून पालथं घातलेलं. जेवलीस? "झालं माझं," आई म्हणाली. मी बापडीनं विश्वास ठेवला.

थोड्या वेळानं बघते तर आई घामानं निथळतेय, काहीतरी असंबद्ध पुटपुटतेय, आणि माझ्याकडे बघतेय पण मला ओळखत नाही. साखर द्यायची, एवढं मला माहीत होतं. पण साखर कुठं होती? ज्या स्वयंपाकघरात मी लहानाची मोठी झाले, तिथले सगळे डबे उघडले, साखर नाही. झाकणं खाली पडत होती. बाईंना फोन लावला. मागं डोहाळजेवणाची गाणी चालली होती.

"पिठाच्या डब्यामागं हाय बघा, ताई," त्या म्हणाल्या. "आई चोरून चहात घालत्यात म्हणून मीच लपवली की." आणि फोनवरच रडायला लागल्या.

आईला टेकवून बसवली, चमच्या-चमच्यानं साखरपाणी पाजलं. हळूहळू तिची नजर जागेवर आली. नंतर दुरडीत फडक्याखाली मला त्या दोन भाकऱ्या सापडल्या. दोनच धड झाल्या होत्या, म्हणून तिनं माझ्यासाठी ठेवल्या होत्या. मला तिचा इतका राग आला की मी तिथंच ओट्याला टेकून रडले. ज्या मायेनं तिनं आम्हाला वाढवलं, तीच आता तिचा जीव घ्यायला निघालेली, आणि तिला रागवावं तरी कोणत्या तोंडानं?

आता बाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. थांबा, असं मी म्हणू शकले नाही. पहिलटकरणीचं बाळंतपण, आईच हवी. नवीन बाई राहायला आली आहे. सुई वेळेवर टोचते, ताट वाढते आणि मोबाइल घेऊन दारात बसते. तिची काही चूक नाही. सांगितलेलं सगळं करते.

जेवायच्या वेळी मी रोज आईला फोन करते. काल विचारलं, ताट समोर आहे ना? आहे म्हणाली. मग तिनंच विचारलं, तू जेवलीस का?

"झालं माझं," मी म्हणाले. कुकर अजून गॅसवर चढायचा होता.

पलीकडून आई म्हणाली, "खोटं बोलतेस. तू तिकडं उपाशी आणि मी इकडं गिळू होय?"

तिची सुई घेऊन झाली होती. मी धावत स्वयंपाकघरात गेले. सकाळची पोळी होती, ती शेंगदाण्याच्या चटणीला लावून तोंडात कोंबली आणि फोन गालाशी धरून मुद्दाम मोठ्यानं चावायला लागले.

"घास घेतला मी, आई. आता तू घे."

तिकडून काहीच आवाज येईना. तोंडातला घास तसाच धरून मी ऐकत उभी राहिले.