पिल्लाची आई दाखवा

ती घटना विसरायला निवृत्तीनंतर मला भरपूर वेळ मिळाला, पण ते जमलेलं नाही. खून-दरोड्यांचा तपास केलेल्या माणसाने एका कुत्रीच्या चोरीवर लिहावं, याचं काहींना हसू येईल. आमच्या ठाण्यातही तेव्हा हसूच झालं होतं. माणसांची नावं मी घेणार नाही. कुत्रीचं घेतो, तिची हरकत नसावी. ती सोनी.

मी तेव्हा जळगावात पोलीस निरीक्षक होतो. मेहरूण भागातले एक निवृत्त रेल्वे गार्ड ठाण्यात आले. वय सत्तरीचं, पत्नी वारलेली, घरात ते आणि सोनी. तिथे त्यांना सगळे नाना म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांची पिवळसर लॅब्राडोर कुत्री भरदुपारी अंगणातून कोणीतरी उचलून नेली होती. ठाणे अंमलदार म्हणाला, "नाना, कुत्रं आहे, फिरून येईल."

नानांनी पिशवीतून जनावरांच्या डॉक्टरांचा कागद काढला. "साहेब, मागच्या खेपेला तिचं पोट फाडून पिल्लं काढावी लागली. पुन्हा गाभण राहून व्याली तर ती वाचायची नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं होतं. आणि असल्या कुत्र्या लोक पिल्लांसाठीच चोरतात."

नानांनी कागद माझ्यासमोर ठेवला. मी गुन्हा दाखल करायला सांगितलं.

दोन दिवसांनी आमच्या खबऱ्याकडून टीप मिळाली. तो रिक्षा चालवायचा. पिवळसर कुत्री घेतलेली एक व्हॅन त्याने धुळ्याच्या रस्त्याला लागताना पाहिली होती. धुळ्याकडे जातिवंत कुत्री विकणारे दोघेच नावाजलेले होते. मी दोघांकडेही गेलो.

पहिल्याचं महामार्गालगत चकचकीत दुकान. भिंतीवर काचेत बसवलेली प्रमाणपत्रं, टेबलावर पिल्लांचे फोटो. "या साहेब, बसा साहेब," म्हणत त्याने चहा मागवला आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं तत्काळ उत्तर दिलं. सहकार्य करणारा माणूस, असा शेरा मी मनातल्या मनात मारला.

दुसरा एका खेड्यातला शेतकरी. नानांनी सोनीला पिल्लू असताना त्याच्याकडूनच घेतलं होतं. त्याने आधी माझं ओळखपत्र मागितलं. मग आम्हाला ओट्यावर थांबवून बूट काढायला आणि हातपाय धुवायला लावलं. "शहरनी बिमारी पायले लागीसन येस, साहेब," तो अहिराणीत म्हणाला. पिल्लांना लागण नको, असं त्याचं म्हणणं. हवालदाराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पोलिसाला बूट काढायला लावणारा माणूस आम्हाला सहसा सरळ वाटत नाही.

त्यात नानांच्या बोलण्यातून आणखी एक निघालं. पिल्लू देण्याआधी हा माणूस नानांच्या घरी जाऊन अंगण, फाटक, कुंपण पाहून आला होता. घरी दिवसभर कोण असतं, नाना झोपतात कधी, हे त्याने विचारून घेतलं होतं. नंतरही महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचा. आमच्या भाषेत याला रेकी म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला जळगावला आणून बसवलं आणि त्याचा मोबाइल काढून घेतला. हे सगळं नियमात बसवून केलं होतं, असं मी म्हणणार नाही.

चौकशीत तो एका जागी बसेना. सारखं दाराकडे बघायचा. "साहेब, माले घर जाऊ द्या. मनी कुत्री आज व्याई. पहिलारू शे, आनि घर कोनी नही." कुत्री आज विणार, तेही पहिल्यांदाच, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, आधी सोनी कुठे आहे ते सांग. तासाभराने पुन्हा तेच. दुपारी तिसऱ्यांदा तो हात जोडून म्हणाला. माणूस घाईला आला की खोटं उघडं पडतं, हे मी नव्या पोरांना शिकवत असे. त्यामुळे मी त्याची घाई वाढू दिली.

संध्याकाळी मोबाइल तपासून हवालदार आला. त्यात काय होतं? कोणतं पिल्लू कोणाच्या घरी, कोणाची लस कधी, कोणी वजन कळवलेलं नाही. एका माणसाला त्याने पिल्लू नाकारल्याचा निरोप होता: तुमचं कुत्रं दिवसभर गच्चीवर बांधलेलं राहील, तुम्हाला देत नाही. चोराच्या मोबाइलमध्ये असलं काही सापडत नाही. मी त्याला सोडलं.

जाताना तो दारात थांबला. राग त्याच्या चेहऱ्यावर होता, पण सोनीसाठी बोलला. "त्या दुकानवर जा. पिल्लूनी माय दखाडा, इतलंच म्हना."

सकाळी साध्या कपड्यांत एक महिला शिपाई आणि एक हवालदार नवरा-बायको म्हणून त्या दुकानात गेले. परत आल्यावर ती म्हणाली, "सर, आई गावाकडे आहे म्हणाला. आम्ही हट्ट धरला तर मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ दाखवला. कोणतीही जात सांगा, आठवड्यात आणून देतो म्हणाला. आणि सर, त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. घर केवढं, लहान मूल आहे का, कुत्रं आधी पाळलंय का, काही नाही. मिक्सर घेताना दुकानदार यापेक्षा जास्त विचारतो."

ती नोकरीत नवी होती. मला इतक्या वर्षांत जे दिसलं नाही, ते तिने एका फेरीत पाहिलं.

दुकानदाराच्या व्हॅनवर पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी ती एका बंद पडलेल्या पोल्ट्री शेडकडे वळली. आम्ही पंच, जनावरांचे डॉक्टर आणि ओळख पटवायला नानांना घेऊन आत शिरलो. कोंबड्यांच्या पिंजऱ्यांत अकरा माद्या होत्या. काहींना उभंही राहता येत नव्हतं. तो वास मी अनेक पंचनाम्यांत घेतलाय, पण तिथे जिवंत जनावरं होती. सोनी शेवटच्या पिंजऱ्यात होती. पोटावरच्या टाक्यांच्या खुणेवरून डॉक्टरांनी ओळख पटवली. नानांनी हाक मारल्यावर ती शेपूट हलवायचा प्रयत्न करत खाली बसली. नाना माझ्यासमोर रडले, आणि मला तिथे उभं राहणं जड गेलं.

तिला नर लावलेला होता. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया करून गर्भपिशवी काढली आणि सोनी वाचली. मुद्देमाल म्हणून ती सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, नानांच्या ताब्यात गेली. दुकानदाराला अटक झाली.

मी त्या शेतकऱ्याकडे आभार मानायला गेलो. या वेळी न सांगता बूट काढले. कुत्रीचं विचारलं. आम्ही त्याला बसवून ठेवलं त्याच दुपारी ती व्याली होती. पहिलटकरणीला पिल्लावरची पिशवी फोडायचं कळत नाही, जवळ माणूस लागतो. सहा पिल्लांपैकी चार गुदमरून गेली होती. मी माफी मागितली. ती चार पिल्लं कुठल्याच डायरीत नोंदली गेली नाहीत.

चांगला ब्रीडर कसा ओळखावा, असं आता लोक मला विचारतात. मी सांगतो, तो पिल्लाची आई समोर आणतो, आणि तुम्हाला इतके प्रश्न विचारतो की तुम्हाला राग यावा. राग आला तरी उठून जाऊ नका. माझ्यासारखा राग धरून तर अजिबात बसू नका.

निवृत्तीनंतर मीही त्याच्याकडे एक पिल्लू मागायला गेलो. घर मोठं, अंगण आहे, दिवसभर मी घरीच. सगळी उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्याने चहा दिला, पिल्लांची आई दाखवली, पिल्लं माझ्या मांडीवर खेळू दिली. मग शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमले मी पिल्लू देस नही. त्या दिन मी तीनदा सांगं, तुम्ही आयकं नही. कुत्रं तं एकदाबी सांगस नही."

मांडीवरचं पिल्लू उचलून मी त्याच्या आईजवळ ठेवलं आणि रिकाम्या हाताने घरी आलो.