भानुदासच्या नकाशातली बारी

पोटावर ताणून बसलेला पोपटी सदरा, मांडीला घट्ट चिकटलेली काळी विजार आणि संध्याकाळ असूनही डोक्यावर हेल्मेट... अशा थाटात आमच्या गल्लीतले दंतवैद्य परवा आपल्या गच्चीवर उभे होते आणि दूरवर जांभळ्या पडत चाललेल्या बालाघाटाच्या रांगेकडे, सातबारा स्वतःच्या नावावर असल्यासारखे, बोट दाखवत होते. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दहा जण. निसर्गरम्य दरीत सायकल सहल काढायची, तिचं नियोजन चाललं होतं. ही चौथी बैठक. पहिली सदऱ्यांच्या रंगावर झाली, दुसरी ग्रुपच्या नावावर, तिसरी नाश्त्यावर. दरी कोणती, हा प्रश्न निघायला चौथी बैठक उजाडावी लागली.

एका ठेकेदारानं मोबाइलवर नकाशा पसरला. त्यात ती दरी म्हणजे बिननावाचा हिरवा डाग होता. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही तिकडचेच ना? वाट तुम्हीच सांगा." अकरा जणांत डोंगराला पाय लागलेला मी एकटाच, हे खरं. त्यांच्या त्या चकचकीत सायकलींची, त्यांच्या सुक्या मेव्याच्या पुड्यांची मला मनातून टर उडवावीशी वाटत होती, आणि मी ती उडवतही होतो. पण वाट सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की वाट मलाही माहीत नाही. मी म्हणालो, "गावी फोन करून विचारतो."

आमचं गाव त्याच दरीच्या तोंडाशी. वडील आणि चुलते शेळ्यामेंढ्या राखायचे. माझं शिक्षण व्हावं म्हणून मला सिरसाळ्याला मामाकडे ठेवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तेवढा मी घरी यायचो. आजही कार्तिकातली थंडी पडली की शेळ्यामेंढ्या कोंडायच्या त्या वाडग्याचा वास कुठूनतरी येतो – ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, बाभळीच्या शेंगांचा, चुलीवर धुरकटलेल्या दुधाचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कोपऱ्यात आढी घातलेल्या सीताफळांचा तो गोड, जडसर वास... दिवसभर डालग्याखाली कोंडलेली करडं दिवेलागणीला सुटायची आणि आपापल्या आईला हुडकत एकच कालवा करायची. त्या कालव्याच्या मधोमध, वाडग्याच्या दारात, दगडाला पाठ टेकून भानुदास बसलेला असायचा.

भानुदास माझा चुलतभाऊ, माझ्याहून वर्षभरानं मोठा. लहानपणी तापात त्याच्या डाव्या पायातलं वारं गेलं होतं. कळप दरीत गेला की करडं सांभाळायला तो मागं राहायचा. दरी त्यानं कधी पाहिली नव्हती. त्याच्या घरापासून तिचं तोंड हाकेच्या अंतरावर होतं, तरीही. संध्याकाळी माणसं परतली, की तो एकेकाला धरायचा. "कुठवर गेलता आज? कोणतं झाड लागलं? तिथून पानी किती लांब हाय?" दमलेली माणसं घोंगडी झटकत, कधी वैतागून, कधी कौतुकानं उत्तरं द्यायची. आणि हा ती उत्तरं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं मांडायचा. म्हातारीचा दगड, लांडग्याची जाळी, डोह, उंबर... नुसत्या कानांनी पाहिलेली दरी त्या पानावर हळूहळू उमटत गेली.

सातवीच्या दिवाळीत माझ्याबरोबर मामेभाऊ सुधाकर आला, आणि एस.टी.च्या टपावर बांधून मामांची काळी सायकलही आली. तिघांनी मिळून बेत आखला – आखला म्हणजे भानुदासनं आखला, आम्ही मान डोलावली. दरीतून सायकल काढायची, पलीकडे चढायचं, तिथून नारायणगडाच्या देवळाचा कळस दिसतो म्हणतात, तो पाहायचा. आधी आम्ही दोघांनी जाऊन वाट पक्की करायची आणि दुसऱ्या दिवशी भानुदासला कॅरिअरवर बसवून न्यायचं. चार दिवस त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. आदल्या संध्याकाळी त्यानं घोंगडीचा एक तुकडा घडी करून कॅरिअरवर सुतळीनं आवळून बांधला. "आत्ताच बांधतो, मंजी उद्या तुमाला बी बसाया मऊ," असं म्हणाला.

सकाळी ते पान खिशात घालून निघालो. गवत पिवळं पडलं होतं, कुसळं विजारीला डसत होती, पायडल मारणाऱ्याच्या उच्छ्वासाची वाफ मागच्याच्या तोंडावर येत होती. म्हातारीचा दगड लागला, जाळी लागली, डोहही लागला, सगळं पानाबरहुकूम. पुढे उंबरापाशी भानुदासनं ठळक अक्षरांत एकच शब्द लिहिला होता : बारी.

सिरसाळ्याला गोट्या खेळताना आम्ही दिवसातून शंभर वेळा भांडायचो, "आता माझी बारी, आता तुझी बारी." त्या शब्दाला दुसरा अर्थ असेल, हे आमच्या दीडशहाण्या डोक्यात आलंच नाही. इथं सायकलस्वारानं बदलायचं, असा हुकूम भानुदासनं सोडलाय, असंच आम्ही धरून चाललो. सुधाकर खो-खो हसला. "ह्याला सायकलीवर बसता येईना, आन् ह्यो आपल्या बाऱ्या लावतोय बे." मीही हसलो, त्याच्याहून मोठ्यानं हसलो. हुकूम पाळल्याचं नाटक करत आम्ही उंबराखाली जागा बदलल्या आणि नाकासमोर निघालो.

दरी चिंचोळी होत गेली आणि शेवटी एका काळ्या कड्याला जाऊन टेकली. वर आग्या मोहळं, खाली दगडगोटे. परत फिरताना मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. जाताना आम्ही सायकलीवर होतो, येताना सायकल आमच्यावर.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं आम्ही घरी पोचताच सगळा दोष नकाशावर ढकलला. वाडग्यासमोर बायामाणसं जमली होती. मी, सातवीतला, चपला घालणारा, शुद्ध बोलणारा, सगळ्यांदेखत म्हणालो, "खोटा नकाशा आहे. तिथं वाटच नाही. घरात बसून दरी कळते होय?" चुलते हसले, "सायकलीला कसली आलीय वाट?" सगळे हसत पांगले, तेव्हा भानुदासनं एवढंच विचारलं, "बारीला काय केलंत?" मी म्हणालो, "बारीला सुधाकर पुढं बसला, मी मागं." आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो.

 भानुदास सरकत सायकलीपाशी आला आणि सुतळीच्या गाठी सोडून घोंगडीचा तुकडा काढून घेतला. त्यानंतरच्या सुट्ट्यांत तो संध्याकाळी कुणाला काही विचारताना मला दिसला नाही.

परवा त्या गच्चीवरून घरी आलो आणि भानुदासला फोन लावला. इतक्या वर्षांत आमचं बोलणं लग्न-मयतापुरतं उरलेलं. दरीतून पलीकडं कसं जायचं, असं विचारल्यावर तो सहज म्हणाला, "उंबरापासून डाव्या अंगाला वळायचं. बारीतून निघायचं."

"कसली बारी?"

"कसली मंजी? डोंगराची. दोन टेकाडांच्या मधली खिंड रं. आमी बारीच म्हंतो तिला."

 ज्या घरात जन्मलो, त्या घरचा शब्द मला ठाऊक नव्हता. वडिलांच्या तोंडी तो शेकडो वेळा आला असेल, आणि शेळ्यांच्या मागची अडाणी भाषा म्हणून मी तो कानाआड केला असेल. उंबराखालून मान जरा डावीकडे वळवली असती, तरी ती खिंड दिसली असती. त्या सातवीतल्या पोराची मला मनापासून किळस आली. दंतवैद्य निदान कुणाच्या अधू पायावर हसत तरी नाहीत.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगनार हुतो," तो म्हणाला. "पर तुमी दोघं लई हसत होता. मला वाटलं, तुमाला कळलं हाय समदं. न्यायचंच न्हाई मला, म्हनून वाट न्हाई म्हंताय."

पलीकडे करडं ओरडत होती. मी घाईघाईनं म्हणालो, "भानुदास, रविवारी मी गाडी घेऊन येतो. आपण दोघं जाऊ. वरपर्यंत जाऊ."  त्यानं अगदी साध्या आवाजात, राग नाही, टोमणा नाही, विचारलं, "आता का म्हून?"

पाऊसपाण्याचं काहीतरी विचारून मी फोन ठेवला. 

वाट मी ग्रुपवर लिहून पाठवली आणि रविवारच्या सहलीला गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहिलो. दुपारपर्यंत फोटोंचा पाऊस पडला – सदरे, दात, वर केलेले अंगठे. एका फोटोत दंतवैद्यांच्या खांद्यामागे, फार लांब, धुरकट आभाळात काहीतरी टोकदार होतं. बोटांनी मोठं करून पाहिलं. नारायणगडाचा कळस होता... मीही तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. फोटो भानुदासला पाठवायला म्हणून त्याचं नाव काढलं. पाठवला नाही.